बँडकडे तोंड करून

शाळेच्या बँडचा इतिहास दोन पानांत लिहून द्या, असा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीत घरच्या गच्चीवर मेथी निवडत बसले होते. फोन करणारी माझीच जुनी विद्यार्थिनी, आता त्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेची स्मरणिका निघणार होती. बोलणं संपता संपता तिनं बजावलं, "मॅडम, इतिहासच लिहा बरं. हिंगणकर सरांवर घसरू नका."

मी बरं म्हटलं. मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे मथळे पाडायची सवय आहे. स्थापना, उद्दिष्टं, वाटचाल असे तीन मथळे टाकले. स्थापनेखाली हिंगणकर सर आले. उद्दिष्टांखाली पुन्हा तेच आले. आणि वाटचाल हा शब्द तर त्यांच्या बाबतीत जपून वापरायला हवा, कारण हा माणूस बँडबरोबर सगळा जन्म उलटा चालला.

उलटा म्हणजे अगदी खरोखरचा उलटा. बँड शाळेच्या फाटकातून निघाला की सर पहिल्या रांगेच्या पुढं उभे राहत. तोंड बँडकडे आणि पाठ रस्त्याकडे. दोन्ही हात हवेत, खांदे तालावर उडतायत, भुवया तुतारीवाल्याला दम देतायत आणि पाय मात्र मागं मागं सरकतायत. असे ते गांधी रोडनं जात, टिळक रोडनं परत येत. समोरून काय येतंय, म्हणजे त्यांच्या मागून काय येतंय, हे त्यांना पहिल्या रांगेतल्या मुलांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. एखाद्याचे डोळे मोठे झाले की सर हात न थांबवता विचारत, "काय हाये? खड्डा का म्हैस?" मुलांच्या तोंडात वाद्यं असल्यामुळे उत्तर यायचं नाही. मग सर अंदाजानं डावीकडं वळत आणि म्हैसही बहुधा तिकडंच वळायची.

एकदा ते स्टेशनाजवळ वरूडच्या एका संत्रेवाल्याच्या गाडीवर जाऊन पाठमोरे बसले. संत्री रस्ताभर झाली. बँड वाजतच होता, कारण सरांनी थांबायची खूण केली नव्हती. ते संत्र्यांत बसूनसुद्धा हात हलवत होते. संत्रेवाला ओरडला, "मास्तर, मांगं डोये हायेत का तुमाले?"

"नाईत ना बाप्पा," सर म्हणाले, "म्हनूनच तं बसलो."

हे उलटं चालणं त्यांनी मामांकडून उचललं होतं. अकोटला मामांची बँड पार्टी होती. लग्नसराईत अकोट, तेल्हारा, अंजनगाव असा सगळा पट्टा ती वाजवायची. मामा पुढं उलटे चालत आणि तरणा भाचा पहिल्या रांगेत क्लॅरिनेट फुंकत असे. उन्हाळा संपला की भाचा कॉलेजात जाऊन भूगोल शिके. पुढं तो आमच्या शाळेत भूगोलाचा शिक्षक झाला, आणि तिकडं गावोगावी डीजे आला. मामांची माणसं एकेक करून जिनिंगच्या कारखान्यांत कामाला लागली. शेवटी मामांनी सगळं सामान भाच्याच्या शाळेला देऊन टाकलं. एक दिवस शाळेसमोर मेटॅडोर उभा राहिला आणि त्यातून ड्रम, तुताऱ्या, झांजा, दोन क्लॅरिनेट आणि जरीच्या दोऱ्या लावलेले लाल कोट उतरले. आमच्या बँडची स्थापना झाली ती अशी.

कोट मोठ्या माणसांचे होते. शिवण शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी ते आखूड केले, पण खांद्यांना कात्री लावायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं आमचा बँड लांबून पाहिला तर नुसते कोटच चाललेत असं वाटे. मोठ्या ड्रमवर मामांच्या पार्टीचं नाव होतं. पेंटरनं त्यावर पांढरा हात मारून शाळेचं नाव लिहिलं. अकोल्याच्या एका उन्हाळ्यात तो पांढरा रंग पापडासारखा सुटला आणि स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुण्यांनी ड्रमवरची अक्षरं मोठ्यानं वाचली, "लग्न, वाढदिवस व सर्व शुभकार्यांसाठी भेटा." आमच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. हिंगणकर सर मात्र पुढं होऊन म्हणाले, "साहेब, शाळा हे बी शुभकार्यच हाये ना."

पाहुण्यांनी भाषणात ते वाक्य वापरलं. मोठ्या बाईंना त्यामुळे सरांवर रागावता आलं नाही, आणि हे त्यांनी सरांना कधी माफ केलं नाही.

दिसायला सर ठेंगणे, गोल, मेंदी लावलेल्या मिशांचे. बोलणं अकोटचं. आमच्या शिक्षक खोलीत पुण्याहून बदलून आलेले एक सर होते, त्यांना पहिले सहा महिने हिंगणकर सर आपल्याशी भांडतायत असंच वाटत होतं. प्रत्यक्षात ते चहा विचारत असत. भूगोलसुद्धा ते बँडच्या अंगानं शिकवत. पूर्णा नदी पश्चिमेकडं वाहते हे शिकवायला त्यांनी सातवीचा सगळा वर्ग मैदानावर नेला, उत्तरेच्या बाजूला सातपुडा म्हणून उंच मुलं उभी केली आणि उरलेल्यांना नदी करून तालात चालवलं. नदी थांबली ती थेट शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून. त्या वर्गातल्या एकाही मुलाचा पूर्णेचा प्रश्न पुढं चुकला नाही. बाकी नद्यांचं मात्र काही खरं नव्हतं.

बँडमध्ये कुणाला काय द्यायचं याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. लाजाळू मुलाला मोठा ड्रम. "त्याले लपता आलं नाई पायजे," ते म्हणत. तोंडाळ मुलाला तुतारी, म्हणजे तेवढा वेळ तरी तोंड कामात. आणि वर्गात सगळ्यांना छळणारा जो असेल त्याच्या हातात लोखंडी त्रिकोण. सगळा बँड वाजत असताना त्रिकोणवाल्याला एकदाच टिण करायचं असतं, आणि त्या एका टिणसाठी गप्प उभं राहावं लागतं. "वाट पाहाले शिकते पोट्टं," असं सर सांगत. सराव बिघडला की विचारत, "वाजवून राहिले का भांडे घासून राहिले?" आणि सगळ्यात आवडतं वाक्य, जे मी शंभरदा ऐकलं असेल, "चेहरा लग्नातला ठेवा, पाय पलटनीतले."

चेहरे लग्नातले आपोआप राहिले. अडचण पायांची होती, कारण तेही लग्नातलेच राहिले.

आता सरांची इच्छा सांगायला हवी. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. सव्वीस जानेवारीला जिल्ह्याच्या मैदानावर परेड होते. पोलीस जातात, होमगार्ड जातात, मग शाळांची पथकं निघतात, आणि सगळ्या शाळांच्या पुढं एक शाळेचा बँड चालतो. तो मान दर वर्षी दुसऱ्याच एका शाळेला मिळायचा. आमचा बँड उभा राहायचा मैदानाच्या दाराशी, पाहुण्यांच्या गाड्या लागतात तिथं. गाडी आली की वाजवायचं, दार लागलं की थांबायचं. सर घामाघूम होऊन माझ्याकडं येत आणि म्हणत, "मॅडम, एक खेप पुढं चालाचं. सगळ्या शायांच्या पुढं. एकच खेप. मंग मी मोकया."

मुलींच्या बरोबर एक बाई पाहिजे म्हणून मोठ्या बाईंनी मला बँडला जुंपलं होतं. मला सा आणि रे यातला फरक आजही कळत नाही. पण वर्षानुवर्षं पाण्याच्या बाटल्या आणि मुलींच्या रिबिनी सांभाळत मी या इच्छेच्या मागं चालले, त्यामुळे ती थोडी माझीही झाली होती.

खरं तर संधी एकदा आली होती आणि ती घोड्यानं घालवली. सरांनी मुलांना एक रीत लावली होती. सराव रस्त्यावर चालायचा, आणि रस्त्यात वरात भेटली तर तिला सलामी द्यायची. म्हणजे नवरदेवाचा घोडा दिसला की चालू असलेलं वाजवणं सोडून एक फेरी नाचाची वाजवायची, मग पुन्हा आपल्या वाटेला लागायचं. मामांची पार्टी असंच करायची. दोन बँड समोरासमोर आले तर एकमेकांना मान द्यायचा, न दिला तर नवरानवरीला ते बाधतं, असा त्यांचा समज. सर स्वतः असलं काही मानत नव्हते. पण रीत मोडायलाही तयार नव्हते. "आपल्या बापाचं काय जाते?" असं म्हणून त्यांनी ती मुलांच्या अंगात इतकी भिनवली की घोडा दिसला की हात आपोआप चालत.

मग एका वर्षी रंगीत तालमीला आमचा बँड शाळांच्या पुढं उभा केला गेला. शिस्तीत धून सुरू झाली, पलटणीचे पाय पडायला लागले, आणि तेवढ्यात सरांच्या पाठीमागून पोलिसांचा घोडेस्वार आडवा गेला. डोक्याला तुरा, घोड्याच्या गळ्यात गोंडे, पाठीवर लाल मखमल. बँडनं तो पाहिला. मोठ्या ड्रमवर पहिला ठोका बदलला, मग झांजा, मग तुताऱ्या, आणि जिल्ह्याच्या मैदानावर भर परेडमध्ये वरातीचा नाच सुरू झाला. आमची मुलं अजून सांगतात की घोडापण नाचला. मी तिथं होते. घोडा नुसता बिचकला होता. स्वार मात्र खाली पडता पडता राहिला.

परेडची कवायत बसवणारे तेव्हाचे साहेब धावत आले. सर मुलांकडं तोंड करून उभे, त्यामुळे त्यांना घोडा दिसलाच नव्हता. ते मनापासून वैतागून मुलांना विचारत होते, "काहून बे? काहून बदललं?" आणि त्रिकोणवाला निरागसपणे म्हणाला, "सर, नवरदेव!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गाड्यांच्या दाराशी.

अमरावतीच्या विभागीय स्पर्धेचीही गोष्ट अशीच. एसटीच्या टपावर ड्रम बांधून आम्ही गेलो. मुलांनी इतकं सुरेख वाजवलं की कडेला उभी असलेली माणसं डोलायला लागली. पण परीक्षकांच्या कपाळावर आठी. खाली आल्यावर त्यातले एक गृहस्थ सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "बँड चांगला आहे हो, पण दर थोड्या वेळानं थांबतो. कोणाची वाट पाहता तुम्ही?"

"नाचनाऱ्यायले जागा नको का साहेब?" सर म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरात जशी चार पावलं जाते आणि थांबते, तशी थांबायची जागा सरांनी प्रत्येक धुनीत ठेवलेली होती. नाचणारे नव्हते, पण जागा होती. बक्षीस मिळालं नाही. मिळालं ते असं, की बडनेऱ्याचा एक माणूस गर्दीतून आला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, मुलीचं लग्न हाये. तुमचाच बँड पायजे." सरांनी गंभीरपणे विचारलं, "तारीख कोनती?" मी त्यांच्या कोटाची बाही ओढली नसती तर आमची आठवी-ब त्या लग्नात वाजवून आली असती.

अशी वर्षं गेली. सरांची निवृत्ती पुढच्या उन्हाळ्यावर आली आणि त्या वर्षी कवायतीला नवे साहेब आले. कोल्हापूरकडचे, तरुण, कडक इस्त्रीचे. ते एका सकाळी न सांगता शाळेत आले आणि मैदानाच्या कडेला उभं राहून बँड पाहत राहिले. सराव संपल्यावर आम्हा दोघांना बोलावलं.

"वादन उत्तम आहे," ते म्हणाले. "यंदा शाळांच्या पुढं हाच बँड चालेल."

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"पण एक आहे," साहेब म्हणाले. "पुढं उलटं चालणारं कुणी नको. मैदानावर शिक्षक नकोतच. विद्यार्थी पुढं, हातात काठी, तोंड समोर. तुम्ही खुर्चीवर बसून पाहा."

मला वाटलं सर भांडतील. ते संत्रेवाल्याशी भांडले होते, मोठ्या बाईंशी भांडले होते, एकदा टपावर ड्रम चढवू न देणाऱ्या कंडक्टरशी अकोला ते मूर्तिजापूर भांडले होते. पण ते म्हणाले, "बरोबर हाये साहेब. नियम तो नियम."

साहेब गेल्यावर आम्ही फाटकापर्यंत आलो. सरांनी विचारलं, "मॅडम, मी लय वाकडा दिसतो का पुढं चालतानी?"

"वाकडे नाही सर," मी म्हटलं. "उलटे."

ते हसले, पण नेहमीसारखं पोट हलवून नाही. मला फार वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं झिजला ती त्याच्या समोर ठेवली होती आणि म्हटलं होतं, घ्या, फक्त तुम्ही नका येऊ. घरी जाऊन मी नवऱ्याजवळ त्या साहेबांना मनसोक्त नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बँड उभा केला आणि सांगितलं, "आजपासून माह्याकडे पाहाचं नाई." काठी नववीतल्या प्रणालीच्या हातात दिली. ही मुलगी मोठा ड्रम वाजवायची, म्हणजे मूळची लाजाळूच. तिनं काठी अशी धरली जशी काही ती कुणीतरी परत मागायला येणार आहे. सर बाजूला कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. बँड सुरू झाला, आणि तालाचं एक वळण येताच सगळ्यांच्या माना कडुलिंबाकडं वळल्या. तुतारीवाले झांजवाल्यांवर आदळले. मुलं आजवर नोटेशन पाहून वाजवतच नव्हती. ती सरांच्या भुवया पाहून वाजवत होती, आणि आता भुवया झाडाखाली गेल्या होत्या.

सर झाडाच्या मागं गेले. मुलं झाडाकडं पाहत राहिली. सरांनी स्वतः काठी घेऊन, मुलांकडं पाठ करून, चालून दाखवायचं ठरवलं. तर त्यांना सरळ चालताच येईना. समोर तोंड केलं की तालावरचे पाय एकमेकांत अडकत. मुलं हसून लोळली, सरही हसले, आणि मी पाहिलं की त्यांनी रुमालानं मान पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी मला भाजीबाजारात भेटल्या. "मॅडम, काय करून राहिले तुमी शायेत?" त्यांनी विचारलं. "इतके वर्षं सैपाकघरातून बोलत बोलत मांगं जात. आता समोर पाहून चालाचं म्हनते अन् दाराले धडकून राहिले. कपाय सुजलं."

"परेडसाठी आहे, वहिनी."

"हे घरात राहिले धडकून, अन् परेड पोट्ट्यायची?" त्या म्हणाल्या. मग वांगी निवडता निवडता जरा थांबल्या. "करू द्या. खुश हाये का नाई, ते नाई समजून राहिलं मले."

मलाही समजत नव्हतं. पण सरांनी काम सोडलं नाही. मुलांना त्यांनी डोळे मिटून वाजवायला लावलं, एका जागी उभं राहून. ड्रमचा ठोका कानानं धरा म्हणाले, माह्या तोंडावर काय लिवलं हाये? मग चालत, मग वळणं. रोज ते थोडे लांब जात. झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून फाटकापर्यंत. धुनींतल्या थांबायच्या जागा त्यांनी एकेक करून काढून टाकल्या. घोड्याची सलामी बंद केली, म्हणजे मुलांना बसवून सरळ सांगितलं, "मैदानावर नवरदेव नसते. असला तरी आपल्याले नाई ओयखाचं." आणि शेवटच्या आठवड्यात जाहीर केलं की आता मी घरी जातो, तिथून ऐकतो. मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं न चुकता वाजवलं. मी बाटल्या भरायला टाकीकडं गेले तर सर टाकीमागं उकिडवे बसलेले. आवाज फुटू नये म्हणून तोंडात रुमालाचा बोळा.

"घरी गेला होता ना?" मी विचारलं.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

सव्वीस जानेवारीला ते पांढरा सदरा घालून आले. लाल कोट घाला म्हटलं तर म्हणाले, कोट चालनाऱ्याचा असते. निमंत्रितांच्या खुर्च्यांमध्ये माझ्या शेजारी बसले. पोलीस गेले, होमगार्ड गेले. मग शाळांची पथकं सुरू झाली आणि सगळ्यांच्या पुढं आमचा बँड आला. प्रणालीची काठी वर गेली आणि खाली आली. तोंड समोर. मंचाच्या शेजारी तोच घोडा, किंवा तसाच दुसरा, तुरा आणि गोंडे लावून उभा होता. माझा जीव टांगणीला लागला. बँड त्याच्या अगदी जवळून गेला. एकही मान वळली नाही, एकही ठोका हलला नाही.

"पाहिलंच नाई त्याहीनं," सर म्हणाले. आवाजात अर्धा अभिमान होता, आणि उरलेल्या अर्ध्यात रुसवा होता हे मी शपथेवर सांगते.

बँड आमच्या समोरून आडवा जात होता. पहिली रांग गेली, दुसरी गेली, आणि सर खुर्चीत पुढं झुकले. "मॅडम, एवढा मोठा हाये आपला बँड?"

"एवढाच आहे, सर. नेहमीचाच."

"मले तं पहिलीच रांग दिसे. लय झालं तं दुसरी." ते एकेका रांगेकडं निरखून पाहायला लागले. "ते शेवटच्या रांगेतली झांजवाली कोन हाये? काय हात हाये तिचा! कोनी शिकवलं तिले?"

"तुम्हीच, सर. तीन वर्षं आहे ती बँडमध्ये."

बँड मैदानाच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत ते त्या झांजवालीकडंच पाहत होते. टाळ्या संपल्या तरी त्यांच्या हातांना आपणही टाळ्या वाजवायच्या असतात हे सुचलं नाही.

सर त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि अकोटला गेले. माझीही अमरावतीला बदली झाली. फोनवर बोलणं होतं. गुडघे दुखतात म्हणतात, उलटं चालून झिजले असं अकोटच्या डॉक्टरला पटवायचा प्रयत्न करतात. भेट अशी मात्र पुन्हा झाली नाही. बँडबरोबर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सव्वीस जानेवारीलाच, परेडहून शाळेकडं परतताना.

बँड रस्त्यानं वाजत निघाला होता. सर पुढं जायला निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. मग सगळ्या रांगा पुढं जाऊ दिल्या आणि शेवटच्या रांगेच्या मागून, झांजांच्या अगदी पाठीशी, समोर तोंड करून चालू लागले. पाय अजून अडखळत होते. मी बाटल्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागं होते. टिळक रोडच्या वळणावर गर्दी झाली, लोक दोन्ही बाजूंनी उभे राहून मोबाइलमध्ये बँड धरत होते. वाहतूक सांभाळणारा एक तरुण शिपाई होता. त्यानं सदऱ्यातला एक म्हातारा गृहस्थ मुलांमध्ये घुसलेला पाहिला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला अलगद रस्त्याच्या कडेला नेलं.

"काका, इकडे व्हा जरा," तो म्हणाला. "पोरायचा बँड चालून राहिला, दिसत नाई का?"

माझ्या तोंडावर आलं होतं की अरे, ते कोण आहेत माहीत आहे का तुला. पण सरांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून. मग त्या शिपायाला म्हणाले, "दिसते ना बाप्पा. आज पुरा दिसते." आणि पानाच्या टपरीला पाठ लावून, इतर लोकांच्या ओळीत उभे राहून ते बँड जाताना पाहत राहिले.